पोटाला मुका मार लागला आणि दुखणं मागे राहिलं: पायरीपायरीने काय करायचं

दुचाकी घसरून हँडल पोटात बसलं, बैलानं ढुशी दिली, कबड्डीत कुणाचा गुडघा लागला, जिन्यावरून घसरून कठड्यावर आपटलात. कातडी फाटली नाही, रक्त आलं नाही, त्या दिवशी डॉक्टरांनी बघून सोडून दिलं. आणि आता आठ दिवस, पंधरा दिवस, कधी दोन महिने झाले तरी तीच जागा दुखते. असं दुखणं बहुतेकदा पोटाच्या भिंतीतलं, म्हणजे स्नायू, बरगडी किंवा नस यातलं असतं आणि बरं होतं. मात्र थोड्या लोकांत ते आतल्या इजेचं उशिरा आलेलं लक्षण असतं, आणि तिथे वेळ गेला तर जिवावर बेततं. ही दोन दुखणी वेगळी कशी काढायची ते खाली दिलंय.

1. आधी ठरवा: थांबायचं की आत्ता निघायचं

मार लागून कितीही दिवस झाले असोत, यातलं एक जरी असेल तरी पुढचं वाचत बसू नका. 108 ला फोन करा किंवा शस्त्रक्रिया विभाग असलेल्या रुग्णालयात जा.

- चक्कर, घाम, हातपाय गार, चेहरा पांढराफटक. शांत पडून असतानाही नाडी मिनिटाला 100 च्या वर
- पोट लाकडासारखं टणक होणं, फुगत जाणं. रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की कळ उठणं
- डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, खांद्याला मार लागलेला नसताना
- हिरव्या-पिवळ्या किंवा रक्ताच्या उलट्या; पोट फुगून वारा सरणं बंद होणं
- काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, डोळे पिवळे होणं
- ताप, किंवा दुखणं कमी होत होत पुन्हा एकदम वाढणं

खांद्याचं लक्षण लोक हमखास सोडून देतात, कारण पोटाचा आणि खांद्याचा संबंध डोक्यात येत नाही. प्लीहा (पाणथरी) डाव्या बरगड्यांखाली असते. ती फुटून रक्त श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली) साचलं की तिथली नस चेतते. त्या नसेचा आणि खांद्याच्या कातडीचा उगम मानेत एकाच ठिकाणी आहे, म्हणून दुखतं खांद्यात. प्लीहेची इजा कधी कधी त्या दिवशी गप्प राहते आणि काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी फुटते. मलेरिया, किंवा थॅलेसेमिया, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांमुळे प्लीहा आधीच वाढलेली असेल, तर साधा धक्काही पुरतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल घराघरात ठाऊक आहे, तिथे हे विशेष लक्षात ठेवा.

आणखी काही जणांनी दुखणं थोडं असलं तरी त्याच दिवशी दाखवायचंच. गर्भवती बाई त्यात पहिली. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत घ्यायचं असतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले लोक, म्हातारी माणसं आणि सायकलचं हँडल पोटात बसलेली मुलंही यात आली. मुलाच्या पोटावर हँडलच्या टोकाएवढा गोल वळ दिसला तर तो फोटो काढून ठेवा. अशा मारात स्वादुपिंड आणि आतड्याचा पहिला भाग पाठीच्या कण्यावर चेपला जातो. मूल दोन-चार तास खेळतं, मग ओकायला लागतं.

निघायचं ठरलं की पाणी, चहा, जेवण काही देऊ नका. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

2. घरच्या उपायांत काय टाळायचं

आंबेहळद-रक्तबोळाचा लेप जुना उपाय आहे. वरवरच्या मारावर लावलात तर फारसं बिघडत नाही. फक्त डॉक्टरांकडे जाण्याआधी धुऊन टाका, नाहीतर कातडीचा निळा-जांभळा वळ दिसत नाही आणि तो वळच मोठा पुरावा असतो.

बिब्बा मात्र लावू नका. त्यानं कातडी भाजते, फोड येतात, आणि मग खाली काय दुखतंय हे कुणालाच कळत नाही. डाग देणं, चटका देणं याचंही तेच.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं हा सगळ्यात घातक प्रकार. आत रक्ताची गाठ धरून रक्तस्राव थांबलेला असतो. चोळल्यावर ती गाठ सुटू शकते. एरंडेल किंवा इतर जुलाबाचं औषधही नको. आतड्याला भोक असेल तर त्यात जुलाब म्हणजे आगीत तेल.

वेदनाशामक गोळ्यांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन डॉक्टरांनी रक्तस्राव नाही असं सांगेपर्यंत नकोत. (हृदयासाठी आधीपासून चालू असलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका, विचारा.) मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर आधी विचारा. गोळी घेतल्याची वेळ लिहून ठेवा, कारण गोळीच्या असरात तपासलं तर पोट खोटं शांत वाटतं.

3. एक चिठ्ठी तयार करा

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. त्यात "पोट दुखतंय" एवढंच सांगितलं तर ॲसिडिटीची गोळी हातात पडते. दोष पूर्ण डॉक्टरांचा नाही. मार लागला होता हे तीन आठवड्यांनंतर रुग्णच सांगत नाही. चिठ्ठी अशी असावी:

> 3 तारखेला संध्याकाळी 7 वा. स्कूटर घसरली. वेग साधारण 40. हँडलचं डावं टोक डाव्या बरगडीखाली बसलं. बेशुद्ध नाही. त्या रात्री सोनोग्राफी नॉर्मल, हिमोग्लोबिन 13.1. आज 19 वा दिवस. दुखणं एका बोटाच्या जागेत, बेंबीच्या डावीकडे चार बोटं. कुशीवर वळताना, शिंकताना चमक. जेवणाशी संबंध नाही. ताप नाही. वजन तेवढंच. गोळी दिवसाला 2.

कशानं मार बसला, कुठे बसला आणि किती जोरात, हे तीन तपशील डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोगी. कारमध्ये असाल तर सीटबेल्ट कुठून जात होता तेही लिहा. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर न राहता पोटावर चढलेला असेल आणि पोटावर आडवा वळ उठला असेल, तर आतड्याची आणि त्याच्या रक्तवाहिन्यांची इजा शोधावी लागते.

चिठ्ठीखाली रोज सकाळ-संध्याकाळ चार आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती, नाडी, ताप, शौच झाली की नाही. सात दिवसांत रेघ कुठे चाललीये ते दिसतं. खाली जाणारी रेघ धीर देणारी, सपाट रेघ डॉक्टरांकडे नेणारी, वर जाणारी तातडीची.

4. दुखणं भिंतीत आहे की आत

ही सोपी चाचणी फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक कार्नेट यांनी 1926 साली मांडली, आणि आजही ती सीटी स्कॅनच्या आधी केली जाते. ताज्या मारात, पहिल्या तीन दिवसांत, किंवा वरच्या यादीतलं काही असेल तर घरी करू नका. डॉक्टरांकडूनच करून घेतलेली उत्तम; निदान ते काय करतायत हे तुम्हाला कळेल.

उताणं झोपा, गुडघे सरळ. सगळ्यात जास्त दुखणारी जागा एका बोटानं शोधा. बोट तिथेच, हलक्या दाबानं, ठेवा. आता दुसरा हात छातीवर घेऊन डोकं आणि खांदे गादीपासून चार-पाच इंच उचला. पोटाचे स्नायू ताठ होतात. बोटाखालचं दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर ते भिंतीतलं असण्याची शक्यता जास्त, कारण तुम्ही दुखऱ्या स्नायूवर किंवा नसेवरच दाबताय. दुखणं कमी झालं, तर ताठ स्नायूंनी आतल्या अवयवाला ढालीसारखं झाकलं. म्हणजे उगम आत असू शकतो.

यात दोन गोची आहेत. पहिली, पोटाच्या आतलं अस्तर सुजलं असेल तरी स्नायू ताठ केल्यावर दुखतं. दुसरी, बरगडीही मोडलेली आणि प्लीहाही फाटलेली, असं एकाच वेळी असू शकतं. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या मोडल्या असतील तर प्लीहा, उजव्या बाजूच्या मोडल्या असतील तर यकृत, हे तपासल्याशिवाय "फक्त बरगडी आहे" असं मानायचं नसतं. त्यामुळे ही चाचणी दिशा दाखवते, निकाल देत नाही.

भिंतीच्या बाजूने कौल आला तर पुढचं बघा:

*बोटाच्या टोकाएवढी जागा, तिथली कातडी चिमटीत धरली तरी झोंबते, कापड घासलं तरी सहन होत नाही.* ही अडकलेल्या नसेची खूण. बरगड्यांमधून येणाऱ्या नसा पोटाच्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेजवळ काटकोनात वळून पुढे येतात. मारानंतरच्या सुजेत किंवा वणात ती जागा आवळते. हे दुखणं महिनोन्‌महिने टिकतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि शेवटी रुग्णाला "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं जातं. तसं झालं असेल तर "नस अडकली असेल का, एकदा तपासाल का?" असं सरळ विचारा.

*हाताला लागणारी दुखरी गाठ, स्नायू ताठ केल्यावर जास्त जाणवणारी.* स्नायूच्या पिशवीत साचलेलं रक्त असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांना नुसत्या जोराच्या खोकल्यानंही हे होतं.

*उभं राहिल्यावर किंवा खोकताना फुगवटा, झोपल्यावर आत जातो.* स्नायू फाटून झालेला हर्निया. पट्टा बांधून दडपू नका, सर्जनना दाखवा.

*खालच्या बरगडीच्या टोकाशी "कट" असा आवाज आणि चमक.* बरगडीचं कूर्चेचं टोक सुटून वरच्या बरगडीखाली सरकतंय. याला लोक उसण भरली म्हणतात आणि पाठीला शेक देत बसतात.

5. तपासण्या: कोणती काय सांगते, काय सांगत नाही

"सोनोग्राफी नॉर्मल आहे" या वाक्यावर सगळ्यात जास्त लोक फसतात. अपघातानंतरची घाईची सोनोग्राफी पोटात मोकळं रक्त आहे का एवढंच बघते, आणि ते दिसायला साधारण 200 मिली तरी साचावं लागतं. आतड्याचं भोक, स्वादुपिंडाची चीर, मूत्रपिंडाची इजा त्यात सुटू शकते. त्यामुळे दुखणं राहिलं असेल तर पहिल्या रात्रीचा रिपोर्ट आजचा पुरावा नव्हे.

हिमोग्लोबिनचंही तसंच. रक्त वाहून गेलं तरी उरलेलं रक्त लगेच पातळ होत नाही, म्हणून पहिला आकडा चांगला दिसतो. काही तासांनी केलेला दुसरा आकडाच खरं बोलतो. 13.1 चं 10.8 झालं असेल तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवा; सुटा 10.8 बघून "थोडा ॲनिमिया आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्तदाबही फसवा असतो: तरुण माणसाचं 750 मिलीपर्यंत, कधी त्याहून जास्त रक्त गेलं तरी वरचा आकडा टिकून राहतो. आधी नाडी वाढते.

लघवीची साधी तपासणी स्वस्त आहे आणि मूत्रपिंडाची इजा दाखवते, ती मागून घ्या. (आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर लाल लघवीला घाबरण्याआधी तेवढं आठवा, तपासणी मात्र कराच.) वरच्या पोटात दुखून पाठीत कळ जात असेल तर अमायलेज आणि लायपेज, या स्वादुपिंडासाठीच्या रक्त तपासण्या. मारानंतर पहिल्या दोन-तीन तासांत हे नॉर्मल येऊ शकतात, मग पुन्हा करावे लागतात.

आत इजा असल्याचा संशय असेल तर खरं उत्तर शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मिळतं. त्याआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्त तपासणी) ताजा रिपोर्ट लागतो, केंद्र सांगेल तितके तास उपाशी राहावं लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन, पूर्वी अशा औषधाची झालेली ॲलर्जी, गर्भ असण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी टेबलावर झोपण्याआधी सांगा. पैसे वाचवायला साधा, औषधाशिवायचा स्कॅन करून घेऊ नका. त्यात प्लीहा आणि यकृताच्या चिरा नीट दिसत नाहीत, आणि मग दुसऱ्यांदा खर्च होतो.

6. आठवड्यांनी उगवणारी दुखणी

काही इजा महिनाभर गप्प असतात. साधारण चार आठवड्यांनंतर वरच्या पोटात जडपणा, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, मळमळ असेल तर स्वादुपिंडाशेजारी द्रव साचून पिशवी झालेली असू शकते. जेवणानंतर मुरडा मारून दुखणं, पोट फुगणं, वजन उतरणं असेल तर आतड्याचा रक्तपुरवठा दुखावून ती जागा आकसलेली असू शकते. यकृताला मार लागलेल्याला उजवीकडे कळ, कावीळ आणि काळी शौच अशी तिन्ही एकत्र आली तर पित्तनलिकेत रक्त जातंय, तातडीनं निघा.

श्वासपटल फाटलेलं तर वर्षांनीही कळतं. जेवून आडवं झालं की धाप लागते, छातीत गुडगुड आवाज येतो, कारण जठर किंवा आतडं छातीत चढलेलं असतं. डॉक्टरांना जुना अपघात आठवून सांगणारे तुम्हीच.

प्लीहा काढून टाकली असेल तर न्यूमोकोकस, मेनिन्गोकोकस आणि हिब या लशी झाल्या का ते डिस्चार्ज कार्डवर बघा. साधारण शस्त्रक्रियेनंतर 14 दिवसांनी देतात. त्यानंतर आयुष्यभर, थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर.

7. भिंतीचं दुखणं बरं करणं

आत काही नाही हे पक्कं झाल्यावरच ही पायरी.

मार लागल्यावर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, 15 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. शेक त्यानंतर. नस दुखावलेली असेल तर कातडीला गरम नीट कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी आधी गालाला लावून बघा.

उठताना सरळ बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातानं रेटून उठा. खोकताना-शिंकताना उशी पोटावर घट्ट धरा. बरगडी दुखत असेल तर श्वास अर्धवट घेण्याची सवय लागते आणि छातीत कफ साचतो. जागे असताना दर तासाला दहा खोल श्वास घ्या. पोटाचा पट्टा दिवसाचे थोडे तास ठीक, पण बरगडीवर आवळून बांधू नका.

ट्रामाडॉलसारखी जास्त ताकदीची वेदनाशामक गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठ होणारच. कुंथलं की तीच जागा ताणते, की पुन्हा दुखतं. रात्री इसबगोल दोन चमचे, वर मोठा ग्लासभर पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल स्वतःच अडकतं.

व्यायाम पहिल्या दिवसापासून चालण्याचा. दुखणं तीनच्या खाली आल्यावर उताणं झोपून गुडघे वाकवा, कंबर जमिनीला टेकवून पाच मोजेपर्यंत धरा, दहा वेळा. पोट कमी करायचे, झोपून उठण्याचे व्यायाम (सिट-अप्स) सहा आठवडे नकोत. वजनाचा अंदाज घरातल्या वस्तूंनी घ्या: पाच लिटरचा कॅन पाच किलो, भरलेली बादली पंधराच्या आसपास, भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ 30 किलो. पहिले तीन-चार आठवडे कॅनच्या वर जाऊ नका. सिलिंडरला सहा आठवड्यांआधी हात नको, आणि तोही दुखणं गेलं असेल तरच.

स्नायूची लचक दोन ते सहा आठवड्यांत, बरगडी सहाच्या आसपास, साचलेलं रक्त जिरायला दोन-तीन महिनेही लागतात. प्लीहा किंवा यकृताला चीर गेली होती पण शस्त्रक्रिया लागली नाही, असं असेल तर कबड्डी, कुस्ती, दुचाकीवरून लांबचा प्रवास सर्जनच्या परवानगीनंतरच. बहुधा तीन महिने सांगतात.

अडकलेल्या नसेवर त्या एका जागी बधिरतेचं इंजेक्शन देतात, लिग्नोकेन. पंधरा-वीस मिनिटांत दुखणं निम्म्याहून उतरलं तर निदानही झालं आणि उपचारही. असर काही तासच टिकला म्हणून नाराज होऊ नका. ठरावीक अंतरानं पुन्हा दिलं की काहींचं कायमचं थांबतं. लिग्नोकेनची चिकटपट्टी, रात्रीची कमी मात्रेची अमिट्रिप्टिलिन असे पर्यायही आहेत, आणि शेवटी नस सोडवण्याची छोटी शस्त्रक्रिया. यासाठी वेदना उपचार विभाग म्हणजे पेन क्लिनिक शोधा. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तो भूलतज्ज्ञांकडे असतो.

8. कागदपत्रं

- पहिल्या दिवसाचा केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) क्रमांकासह
- सगळे हिमोग्लोबिन रिपोर्ट, तारीख आणि वेळ दिसेल असे
- सीटीची सीडी, नुसता कागद नव्हे
- वळाचे फोटो, मोबाईलमधली तारीख न पुसता
- रक्तगट, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो
- आधार, रेशनकार्ड. रस्ता अपघात असेल तर एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, मूळ बिलं

अपघात असूनही एमएलसी करायची राहून जाते, कारण "पोलिसांची भानगड नको". पुढे शस्त्रक्रिया लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी अंगीकृत (योजनेत नोंदलेल्या) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दाखल होतानाच भेटा, बिल झाल्यावर नव्हे. रस्ता अपघातासाठी केंद्राची 2025 ची कॅशलेस योजना आहे: दीड लाखांपर्यंत, पण अपघातापासून सात दिवसच. उशिरा उगवलेलं दुखणं त्यात बसत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दाव्याची मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने, दुखणं सुरू झाल्यापासून नव्हे.

मार घरातल्याच कुणाकडून बसला असेल आणि बरोबर आलेला माणूस "जिन्यावरून पडली" असं सांगत असेल, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना एकटीला भेटायला मागा. खरं कारण कळलं तर ते वेगळ्या जागा तपासतील. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.